जरा करपलेले

बर्फ फुटला की मे महिन्यात
कपेलिन कोव्हला पिठाचं गलबत लागायचं.
पीठ होतं तोवर पोतं हे पोतं.
संपलं की आई ते उलटं करायची,
शिवणीचा दोरा नेमक्या टोकाला धरून ओढायची
सर्रकन, एकदाही न तुटता,
आणि लाकडी चिमट्याला गुंडाळून ठेवायची.
हो, दोरासुद्धा.

मग राखेचं पाणी, उकळी, खडकावरचं ऊन.
तरी अक्षरं पुरती जायची नाहीत.
माझ्या परकरावर, मागच्या बाजूला,
'निव्वळ ९८ पौंड' असं फिकट निळं उरलेलं होतं
दुसरीपासून चौथीपर्यंत.
दोरीवर वाळत असला की शेजारचा सेल्बी
कुंपणावर चढून मोठ्यानं वाचायचा.

बाबांचा स्वेटर कोपरावर गेला की उसवायला निघे.
मी हात पुढे करून बसायचे,
आणि लोकर मनगटांवर चढत जायची
कुरळी, हट्टी,
अजून स्वेटरच असल्यासारखी.
तिला धुवायचं, खाली दगड बांधून टांगायचं,
दोन दिवसांनी ती विसरायची.
एका रंगाचे जोड मिशनच्या खोक्यात जायचे.
आमचा डावा हात तपकिरी, उजवा राखाडी.

असं का, हे कुणी विचारलं नाही.
घरात काही नियम
मिठासारखे असतात,
डब्यावर नाव नसतं.

त्या ऑक्टोबरात पलीकडच्या खाडीत
एफीचं घर जळालं.
पाच मुलं, एक घड्याळ, एक बकरी, एवढंच बाहेर आलं.
शनिवारी पॅरिश हॉलमध्ये विक्री ठरली.
आई पहाटे तीनला उठली.
चुलीच्या भट्टीत हात घालून बारा आकडे मोजले;
बाराच्या आत हात भाजला तर ताव जास्त,
पंधरापर्यंत गेला तर अजून एक ओंडका.
काकवीचे चार डझन बन.
टेबलावर दोन ताटं.
फुगलेले, एकसारखे, मनुका वर आलेले
ते एफीचे.
कडेला बसलेले, बूड काळं झालेले
आमचे.
होरॅशिओनं चुकून पहिल्या ताटाला हात लावला,
आईनं नुसतं पाहिलं.

मी अकरा वर्षांची होते.
धक्क्यावर कॉडच्या जिभा कापून
दहा सेंट मिळवलेले होते.
हॉलमध्ये टेबलामागे आई उभी,
पोत्याचाच ॲप्रन, पण इस्त्रीचा.
मी नाणं ठेवलं आणि बोटानं दाखवलं.
तिनं नाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
मी दुसऱ्या खाडीतली कुणी असावी तसं.
"बनचे पाच सेंट," म्हणाली.
पाच परत दिले.
आणि बन कागदात गुंडाळला.
कागदात!

मासे वाळवायच्या माचाणाखाली बसून
मी तो खाल्ला, आडोशाला,
चोरून घेतल्यासारखा.
मऊ होता. गोड होता. मनुका सहा निघाल्या.
शेवटच्या घासापर्यंत मी वाट पाहिली
त्या कडवट काळ्या कुरकुरीची,
ती आलीच नाही.

रात्री आई एफीच्या गोधडीला धावदोरा घालत होती,
त्याच दोऱ्यानं, चिमट्यावरच्या.
एका चौकोनात माझा परकर होता;
अक्षरं तिनं आतल्या बाजूला घेतली होती.
मान वर न करता विचारलं,
"कसा होता?"
मी म्हटलं, "कच्चा."

सुई थांबली.
मग तिचे खांदे हलू लागले,
आवाज नाही, कारण होरॅशिओ झोपला होता,
नुसते खांदे,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
आमच्या ताटातला उरलेला एक उचलून
तिनं सुरीनं बूड खरवडलं,
अर्धा मला दिला,
काळा भुगा कोंबड्यांच्या भांड्यात टाकला.

"आणि तो कागद?" म्हणाली.

खिशातच होता.
चार घड्या घालून.