पालथं खापर

चोपड्यात, बसस्टँडमागे, बियाण्यांच्या दुकानावर
दोन खोल्या. चपला बाहेर.
दीपमाला नावाच्या पोरीनं आधी फॉर्म भरून घेतला:
बीपी? शुगर? कुठलं ऑपरेशन?
म्हटलं, लिही, अडतीस वर्षं मांडे.
ती थांबली. मग तेच लिहिलं.

आखाजी तेवीस दिवसांवर,
आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.
वेणी सून घालते.

"सोयीचं वाटेल तेवढंच काढा, मावशी.
मी बाहेर थांबते. चादर ओढून घ्या."
ब्लाउजचे हूक दोनदा काढले, दोनदा लावले.
शेवटच्या बाळंतपणानंतर
या पाठीला हात लागला तो माझाच,
साबणाचा,
तोही अर्ध्यापर्यंत.

टेबलाला तोंडापुरतं भोक.
खाली फरशी, फरशीवर तिची पावलं,
एका अंगठ्याचं नेलपॉलिश अर्धं उडालेलं.
जिथं काम आहे तेवढंच ती उघडते,
बाकी मी झाकलेली,
चुलीवर पालथी, खापरासारखी.

तिळाचं तेल आधी स्वतःच्या तळव्यावर घासते.
बरोबर आहे.
गार हाताला कणीकही दचकते.

"जोर कमी करू? वाढवू?"
कणकेला मी हे कधी विचारलं नाही.
मिठाच्या पाण्यात भिजवली, आपटली,
दोऱ्यासारखी लांबेपर्यंत सोडली नाही.
"चालेल," मी म्हणते, लग्नघरी म्हणते तसं.
"चालेल नको, मावशी. सांगा."

मग खवाट्याखाली तिचा अंगठा जाऊन थांबतो
आणि तिच्या तोंडून घरची बोली निसटते:
"आठे दुखस ना, माय?"
आठेच दुखस.

भोकातून एक थेंब फरशीवर पडला.
पाऊल जरा बाजूला झालं,
एवढंच.

नंतर तांब्याभर पाणी.
"दोन दिवस अंग ठणकेल. घाबरू नका.
एका दिवसात नाही सुटायचं,
चार-पाचदा यावं लागेल."
सहाशे रुपये.
मी मनातल्या मनात मांडे मोजले,
खरेच, पुरणाचे.

पैसे घेताना दिसला तिचा अंगठा,
सांध्याशी सुजलेला.
वय किती? सव्वीस.
म्हटलं, पोरी, अंगठ्यातून जोर काढू नको,
कोपरातून आण. अंग टाक पुढे.
"म्हणजे कसं?"

दारात उभी होते, एक चप्पल पायात.
परत आत गेले
आणि टेबलाच्या कडेवर
डाव्या हातानं दाखवलं.