माप

"वळखलं का, मास्तर?"
मी मान डोलावतो.
चेहरा माझ्यापाशी टिकत नाही,
खडूची रेघ इस्त्रीखाली विरते तसा.
गिऱ्हाईक वळलं, की डावा खांदा
पाऊण इंच उतरलेला —
हां, हणेगावचे बिरादार! बसा, चहा सांगतो.

महानंदाचं उलटं.
उदगीरच्या स्टँडवर एका टकल्या माणसाला म्हणाली,
"देगलूरच्या जत्रंत, पाळण्यात बसून रडलतास की तू."
सात वर्षांचा होता तो तेव्हा.
पिशवी छातीशी धरून
दुसऱ्या बाकावर गेला.

लातूरच्या लग्नात तिनं
दुसऱ्याच्या हातचं ब्लाऊज घातलेलं.
मी समोरून दोनदा गेलो.
तिसऱ्यांदा ती खाकरली.

रात्री काही बोलली नाही.
बाह्या उसवून
माझ्या मशीनवर ठेवल्या.