संत्रं तिरकं चालतं

शुक्रवारची सकाळ. अल खोरहून निघालो,
अर्ध्या तासात फुवैरितच्या पुळणीवर.
केतकीच्या हातून संत्रं निसटलं,
गडगडलं, पाण्यात गेलं. झालं! भोकाड.

आत्या बंदरात मोजणीचं काम करते.
ती म्हणाली, "आणू नकोस. नुसतं बघ,
काय करतं ते."

शमाल सुटला होता, वायव्येचा वारा,
लाटांचा कान धरून ओढत आणणारा.
लाट यायची तिरकी, संत्रं यायचं तिरकं,
वाळूवर क्षणभर टेकायचं.
आणि परतताना? सरळ खाली.
उतार दिसला की पाणी वाकडी वाट धरत नाही.

तिरकं वर, सरळ खाली,
तिरकं वर, सरळ खाली,
संत्र्याची आमच्या सुईच झाली,
किनाऱ्याच्या काठाला टाके घाली.

"वाळूचा कणही असाच चालतो," आत्या म्हणाली,
"फक्त त्याच्यासाठी कुणी रडत नाही."

आम्ही बाजूबाजूने निघालो.
वाटेत एक खडक, चुन्याचा, पिवळट,
डोकं हे एवढं, मान बारीक, अळंबीसारखा.
"याची मान कुणी खाल्ली?"
"लाटेनं. तिला दात नाहीत ना,
म्हणून आधी वाळू तोंडात घेते, मग घासते."
"मान तुटली की?"
"डोकं पडेल. मग त्याचीही वाळू."
"कधी?"
"तुझ्या सुट्टीत तरी नाही."

मी मूठभर वाळू तळहातावर पसरली:
शिंपल्याचा चुरा, पोवळ्याचा तुकडा,
एका गोगलगाईच्या घराचा नुसता जिना.
म्हणजे आम्ही इतका वेळ
कुणाकुणाच्या घरांवरून चाललो होतो!

आणि संत्रं? ते थांबलंच नव्हतं.
पुढे किनारा आत वळला,
पण वाळू वळायची विसरली.
सरळ गेली समुद्रात, लांब, बारीक,
टोकाला थोडी वाकलेली, छत्रीच्या मुठीसारखी.
याला म्हणायचं वाळूचा दांडा.
त्याच्या आड खाजण. तिथे लाट पोचत नाही,
म्हणून चिखल निवांत खाली बसतो,
चिखलात तिवरं, आणि तिवरांपाशी
एका पायावर झोपलेला रोहित.

दांड्याच्या टोकाशी सापडलं संत्रं.
सोबत एक चप्पल, बाटलीचं बूच,
जाळ्याचा निळा दोरा.
केतकीनं सोललं, चाखलं. "शी! खारट!"

निघताना तिनं दोन मुठी वाळू
अगदी टोकावर नेऊन ठेवली, थापटली.
"दांडा वाढला," म्हणाली, "चार बोटं. माझ्यामुळे."

आत्या हसली नाही.
वही काढली, तारीख घातली,
आणि लिहून घेतलं: चार बोटं.