जे वाढत नाहीत

सावद्याच्या लॅबमध्ये माझं काम केळी कापायचं.
फळ नाही, घड नाही. कंदाचा कोंब, सुपारीएवढा,
ज्योतीवर तापवलेल्या सुरीनं चिरून
बाटलीतल्या जेलीवर उभा करायचा.

जेलीत साखर, क्षार, जंतूंचं औषध.
झोपे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते:
हे औषध जंतूला मारत नाही, पुष्पलता,
त्याच्या बांधकामाला मारतं.
एकाचे दोन होताना तो मध्ये भिंत घालतो,
ती औषध पुरी होऊ देत नाही.
अर्ध्या भिंतीचं घर आतल्या दाबानंच फुटतं.

आणि ज्याला काही बांधायचंच नाही?
सर चष्मा पुसत राहिले.
आडनावाला हसले असावेत.

चार कापण्या बाटल्या निर्मळ.
पाचवीला औषध बंद केलं,
आणि मे महिन्यातल्या एका बुधवारी
कोंबांच्या बुडाशी दुधाची साय.
एकशे बारा बाटल्या.

बाहेरून आलं नव्हतं काही.
कंदाच्या गाभ्यातच होतं, न वाढता, न दुभंगता,
गळ्यापर्यंत औषधात बुडून.
काही शिकलंही नव्हतं ते.
त्या सायीवर तेच औषध टाकलं, तर
पहिल्यासारखंच मेलं सगळं.
जवळजवळ सगळं.

दुपारी जेवायला बाहेर पडले. सेहेचाळीस अंश.
रावेर रोडवर कुत्रंही नाही,
शटरं खाली, खिडक्यांना ओली गोणपाटं.
ऊन इथे कामावरच्यालाच लागतं.
परवा डांबर टाकताना तायडेंचा रघू पडला,
गाव झोपलं होतं म्हणून गावाला काही झालं नाही.

सरांनी नवी पद्धत काढली आहे:
आधी औषध नाही.
आधी साखर जास्त, दोन दिवस ऊब,
झोपलेले उठू देत, बांधकाम काढू देत,
मग घालायचं.

रात्रपाळीला साखर मी मोजते.
काट्यावर कागद, कागदावर पांढरा ढीग,
पाटीभर चिमण्यांना दाणे टाकावेत तसा.
गोड बोलून उठवायचं काम आहे हे,
आणि ते मला चांगलं जमतं.

फक्त बाटलीचं झाकण लावताना वाटतं,
तळाशी कुणीतरी कूस बदलून म्हणतंय,
झोपू दे ना भो.