पापलेटच्या जागी डॉलर

होड्या वर ओढून झाल्या, झाप घालून झाले,
हर्णैच्या बंदरात लिलाव नाही, कावळेही कमी.
बंदीचे हे दोन महिने माझे हिशेबांचे,
आणि नेमका याच आठवड्यात कॉम्प्युटर म्हणाला,
यापुढे तुझी जबाबदारी माझ्यावर नाही.
इतक्या सरळ शब्दांत नाही, पण अर्थ तोच.

बारा वर्षांचा डबा. खाऱ्या हवेनं
मागचे स्क्रू गंजलेले, पंख्याला दमा.
एकदा आत लाल मुंग्यांनी अंडी घातली होती,
तरी संस्थेची वर्गणी, डिझेलचा परतावा, बर्फाच्या लाद्या
त्यानं बिनतक्रार मोजल्या.
नवा घ्या म्हणतात.
पैसे कुठून, ते कुणी म्हणत नाही.

नाझनीन सोलकर आली पेनड्राइव्ह घेऊन,
बर्फवाल्या सोलकरांची धाकटी, दापोलीला शिकते.
"मावशी, दुसरी सिस्टीम टाकू. फुकट आहे."
फुकटातली सुरमई आम्ही आधी नाकाला लावून बघतो.
विचारलं, कुणाची? म्हणाली, कुणा एकाची नाही.
म्हणजे रापणीसारखी?
दोराला हात लावेल त्याला वाटा?
ती जरा थांबली. "साधारण."

रात्री दहानंतर वीज स्थिरावली, तेव्हा बसलो.
पडद्यानं विचारलं,
जुनं शेजारी राहू द्यायचं, की सगळं पुसायचं?
सगळं दोनदा उतरवून ठेवलं होतं,
तरी माझ्या पोटात ओहोटी.

बाबांनी शीड उतरवून मशीन बसवलं
त्या दिवशी आईनं होडी ओवाळली नव्हती.
धूर नको, म्हणाली.
पुढच्याच आठवड्यात त्या मशीनच्या जोरावर
बाबा वादळाच्या आधी धक्क्याला लागले.
आईनं भाकरी वाढली आणि म्हणाली,
आवाज फार करतं मेलं.

पूस, म्हटलं.
पट्टी सरकत गेली, एकोणचाळीसवर रुतली,
आम्ही चहा केला, तो निवला, पुन्हा केला.

पहाटे संस्थेचं दप्तर उघडलं
आणि मराठी गायब.
पापलेटच्या जागी डॉलर,
टोपी घातलेला ओ, एक तुटका कंस.
"मावशी, हे मराठी नव्हतंच कधी,
इंग्रजी अक्षरांवर मराठी मुखवटे होते.
तो फाँट गेला, मुखवटे गेले."
मग बारा वर्षं मी काय टंकत बसले होते?
कुणाचा दंड, कुणाची वाहून गेलेली डोल,
सकीनाबीला नवऱ्यामागे मंजूर झालेले अकरा हजार?

तीन दिवस गेले. ती चिन्ह सांगे, मी अक्षर.
"डॉलर?"
"प."
"उलटं प्रश्नचिन्ह?"
"वेलांटी. पण मागच्याची नाही, पुढच्याची."
"हे तुम्हाला पाठ कसं?"
बोटांना पाठ होतं. मला आत्ता कळलं.
मग होड्या एकेक करून परतल्या,
दर्यादौलत, गौसेपाक, एकवीरा प्रसाद,
सकीनाबीचे अकरा हजारही आले, सहीच्या तारखेसकट.

एकच नाव आलं नाही.
एक चौकट, एक टोपीवाला ओ, मग नुसती जागा.
हसनमियाँ तांडेलांना फोन लावला,
त्या सालच्या यादीत सातवी होडी कुणाची?
"सातवी... थांब गे बाय,"
मागे टीव्ही, मग कुणाला तरी विचारल्याचा आवाज,
मग आणखी कुणाला तरी.
उद्या सांगतो म्हणाले. त्याला नऊ दिवस झाले.

नव्या यादीत सातव्या ओळीवर
ती चौकट मी तशीच ठेवली आहे.
प्रिंटर अजून ऐकत नाही.
पंखा मात्र हळू झाला, रात्री समुद्र ऐकू येतो.
घड्याळ आता वरच्या कडेला असतं, बरोबर चालतं,
आणि मी रोज
आधी खालच्या कोपऱ्यात बघते.