सव्वासातचं वजन

रेमिहिओ चिग्वाय, वय एकोणऐंशी,
मुक्काम केहुई बेट, परतीची होडी दुपारी तीनला.
मी त्यांना अजून पाहिलेलं नाही.
सकाळी सव्वासातला ते काट्यावर उभे राहतात
आणि पाण्यापलीकडे, कास्त्रोत, माझ्या टेबलावर
एक आकडा येऊन बसतो.

एकसष्ट चार. एकसष्ट तीन.
एकसष्ट चार.

हृदय थकलं की पाणी अंगातच बिऱ्हाड करतं,
आधी घोट्यात, मग पिंढरीत,
आणि माणूस म्हणतो, बूट आखडले.

मंगळवारी बासष्ट सहा.
बुधवारी त्रेसष्ट दोन.
फोन लावला.
“पोंचो होता अंगावर. ओली लोकर फार जड, बाई.”
“आणखी काय होतं?”
“खिशात बटाटे.” जरा थांबून, “दोनच.”
मागे किटली उकळत होती.
दर दोन शब्दांनी ते श्वास घेत होते
जिना चढत असल्यासारखा.
त्यांच्या घराला जिना नाही.

“पोंचो काढा. बटाटे खाली ठेवा. पुन्हा उभे राहा. मी आहे फोनवर.”
पावलं. फळी करकरली.
त्रेसष्ट दोन.

बराच वेळ नुसती किटली.
मग म्हणाले,
“रविवारी पुतण्या आला होता.
खड्डा खणला, दगड तापवले, शिंपले, धुरावलेलं डुकराचं मांस.
मीठ मी घातलं नाही.
शिंपल्यांत समुद्रानंच घातलेलं असतं.”

डॉक्टरांनी गोळी वाढवली.
बेटावरची रोसेंदा चिखल तुडवत गेली,
त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून तिनं फोटो पाठवला:
खळगा,
कणकेत बोट रुतावं तसा,
लवकर न भरणारा.

गुरुवारी बासष्ट सात. शुक्रवारी बासष्टला आलं.
शनिवारी सव्वासात झाले. साडेसात.
पावणेआठ.
मी फोन उचलला, ठेवला,
रोसेंदाचा नंबर शोधला,
आणि पडदा एकदम लाल:
रुग्णाचं वजन सहा किलो.

यंत्राला घाम फुटला.
मलाही, क्षणभर.
पाठोपाठ दुसरा आकडा, शांतपणे:
एकसष्ट पाच.

सोमवारच्या होडीनं एक पोतडी आली,
जांभळे, मातीसकट, सुतळीनं बांधलेले.
घरी नेऊन मी तोलले.
दोन बटाट्यांनी
कमी भरले.