अंगठ्याची मशीन

मी समाजमंदिरात मशीन घेऊन बसते,
बुधवार आणि शनिवार.
कोणाचा पैसा कुठून येतो, मला माहीत असतं.

लोक म्हणतात, गेला तो कमावला.
मुखरूचा खुशाल मस्कतला वेल्डिंग करतो,
सात तारखेला त्याच्या मायच्या बोटाखाली
हिरवा दिवा लागतो.
पण खुशाल इथंही
दोन माणसांचं धान एकटा कापायचा,
आणि एजंटासाठी
गोठ्यात दोन म्हशी होत्या.

पत्रू गेला नाही.
आळशी, म्हणतात.
त्याच्या गोठ्यात खुंटाच आहे नुसता,
बहिणीला फिट येते,
रात्री कोणीतरी जागं लागतं.

त्या साली आठ जण गेले.
सहांचे पैसे येतात, त्यांचीच नावं चावडीवर निघतात.
उरलेल्या दोघांच्या बायका आल्या की
आकडा मी हळू वाचते.
शून्य मोठ्यानं वाचायचं नसतं.

काल पत्रूनं विचारलं,
"मी गेलो असतो तं किती आले असते, ताई?"
मशीनीत तसं बटण नाही.

रोजगार हमीचे तेवढे बघू, म्हटलं.
अंगठा ठेवला. पुसला. पुन्हा ठेवला.
गिट्टी फोडून फोडून
रेषाच राहिल्या नाहीत,
मशीन म्हणते,
असा कोणी माणूस नाही.